जायफळवाल्यांच्या बाजूने

आमच्या घरात कॉफीचं ज्याचं त्याचं सोवळं आहे. सासूबाईंना दुधाची, गोड, जायफळ घातलेली लागते. नवऱ्याला फेटलेली. मला फिल्टरची. बंगळुरूला नोकरी करणारा मुलगा दिवाळीला येतो तो बॅगेत स्वतःचा वजनकाटा घेऊनच, कारण त्याची कॉफी ग्रॅमवर मोजून होते आणि तिला दूध-साखरेचा विटाळ आहे. चौघंही घरात असलो की ओट्यावर नुसती भांड्यांची गर्दी. भांडी घासायला येणाऱ्या मावशी एकदा न राहवून म्हणाल्या, "ताई, एवढी भांडी तर सत्यनारायणाला पण नाही निघत."

मागच्या दिवाळीत मुलगा बोलून गेला की जायफळवाली कॉफी ही कॉफीच नव्हे. तेही आजीसमोर. सासूबाईंनी आवाज चढवला नाही. "बरं," म्हणाल्या, "मग तू पितोस तो काढा कुणाच्या सर्दीसाठी केलायस?"

मला विचाराल तर मुलाचं म्हणणं बरोबर आहे आणि तरीही मी सासूबाईंच्या बाजूची. आपल्याकडची जायफळाची कॉफी हा मुळात दुधाचा पदार्थ आहे. तिची सोयरीक बासुंदीशी, कोजागरीच्या मसाला दुधाशी. श्रीखंडात केशर येतं तशी तिच्यात कॉफी येते, रंगापुरती आणि जरा कडसर चवीपुरती. तिला एस्प्रेसोची फूटपट्टी लावली की ती नापास होणारच. बासुंदीत कॅफीन किती, असं कुणी विचारतं का?

माझं माहेर दापोलीच्या बाजूचं. नारळ-पोफळीच्या सावलीत आमची जायफळाची दोन झाडं होती, पैकी फळ एकालाच धरायचं. दुसरं नर निघालं. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बियांपासून केलेलं रोप कुठलं हे फुलं येईपर्यंत कळत नाही. त्यात पाच-सात वर्षं सहज जातात. आता लोक कलमंच लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जाती आहेत. वडिलांनी लावली तेव्हा ज्याच्याकडे रोप मिळेल त्याच्याकडून आणायचं, एवढंच ठाऊक होतं. ते नर झाड तोडायचं कुणी मनावर घेतलं नाही आणि ते वर्षानुवर्षं ऐटीत उभं राहिलं. मादीचं फळ पिकलं की झाडावरच तडकायचं. फटीतून काळ्या चकचकीत बीला बिलगलेली लालभडक जायपत्री दिसायची. पावसात खाली पडलेली फळं आम्ही मुलं वेचून आणायचो. वरच्या जाड सालीचं लोणचं व्हायचं, जायपत्री चुलीजवळ सुपात सुकायची, आणि बी कानाशी धरून हलवल्यावर आतून खुळखुळ वाजली की जायफळ तयार.

आईची कॉफी अशी. दोन कपांना दीड कप म्हशीचं दूध, अर्धा कप पाणी. साखर आधीच. दूध वर आलं की आच मंद करून एक चमचा पूड, मग एकच उकळी आणि गॅस बंद. जायफळ सगळ्यात शेवटी. अख्खं जायफळ हातात धरून बारीक किसणीवर तीन-चार वेळा फिरवायचं, थेट पातेल्यावर. वर झाकण, आणि मिनिटभर कुणी हात लावायचा नाही. जायफळ उकळलं की वास उडून जातो आणि मागे तुरटपणा राहतो. जास्त पडलं तर कॉफी कडू होते. बाजारात जायफळ पूड म्हणून जी डबी मिळते तिला उघडल्यावर काही दिवसांत नुसता भुशाचा वास येतो. ती घालण्यापेक्षा वेलची घाला, निदान कॉफीचं वाटोळं होणार नाही.

दहावी-बारावीला रात्री जागायला म्हणून आई मला हीच कॉफी करून द्यायची. आता गंमत बघा. हेच जायफळ सहाणेवर उगाळून ती वाडीतल्या तान्ह्या मुलांच्या गुटीत द्यायची, का, तर मूल शांत झोपावं म्हणून. म्हणजे उठवणारं आणि निजवणारं दोन्ही एकाच कपात. त्यात पाव लिटर म्हशीचं दूध आणि साखर. साडेअकराला भूमितीचं पुस्तक छातीवर ठेवून मी गाढ. महाराष्ट्रातल्या किती पोरांचे किती मार्क या कॉफीने खाल्ले असतील याचा हिशेब एकदा बोर्डाने मांडायला हवा.

सासरच्या घरात कॉफी आली ती चर्चगेटवरून. १९३० च्या दशकात जगभर कॉफीचे भाव पडले, दक्षिणेतल्या मळेवाल्यांचा माल पडून राहू लागला. तेव्हा देशातच कॉफी पिणारे वाढावेत म्हणून कॉफीवरच्या उपकरातून कॉफी हाउस काढायची टूम निघाली, आणि पहिलं हाउस उघडलं ते १९३६ मध्ये मुंबईत, चर्चगेटला. माझे आजेसासरे तेव्हा फोर्टात कारकून. कुटुंब पुण्याला, हे खोलीवर. ऑफिस सुटलं की कॉफी हाउसात बसायचे, आणि शनिवारी पुण्याच्या गाडीत बसताना पिशवीत पुडी. (पुढे १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने ही हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी सोसायट्या काढल्या. १९५७ पासून तुरेवाल्या फेट्यांतले वेटर आपलं हॉटेल आपणच चालवू लागले. आजची इंडियन कॉफी हाउसं ती हीच.) आजेसासरे मुंबईत कडक कॉफी प्यायचे, पण पुण्यात स्वयंपाकघर आजेसासूबाईंच्या ताब्यात. त्यांनी त्या पुडीत दूध, साखर, जायफळ घालून तिला घरच्या वळणावर आणली. पुढे वाण्याकडून पॉलसनची पूड येऊ लागली. पॉलसन म्हटलं की सगळ्यांना लोणी आठवतं, पण त्या पेस्तनजी दलालांचा धंदा कॉफीपासून सुरू झाला. लोणी नंतरचं.

पॉलसनच्या पुडीतही चिकोरी असायची आणि सासूबाईंच्या आजच्या इन्स्टंटच्या बरणीतही आहे. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. गुजरातेत, जामनगरकडे पिकतं. आपल्या कायद्याप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. मुलाने एकदा बरणी फिरवून आजीला ते बारीक अक्षर वाचून दाखवलं. "आजी, अगं यातला तीस टक्के भाग कॉफीचा नाहीच आहे. मूळ आहे कसलं तरी." सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "मूळ म्हणजे कंदच की. मग एकादशीला चालतं." ते संभाषण तिथेच संपलं.

मला फिल्टरची सवय लावली माटुंग्याने. लग्नानंतर इथे बिऱ्हाड केलं तेव्हा शेजारच्या दारात पालघाटच्या मामी होत्या. तांदळाच्या पिठाची रांगोळी, अबोलीचा गजरा, आणि पहाटे साडेपाचला जिन्यात उतरणारा कॉफीचा वास. किंग्ज सर्कलच्या आसपास बिया भाजून, दळून देणारी दुकानं आहेत. मामी मला पहिल्यांदा म्हैसूर कन्सर्न्सला घेऊन गेल्या तेव्हा मी नुसतीच बघत राहिले. गिऱ्हाईक गव्हाचं दळण सांगावं तितक्या सहज सांगत होतं: पीबेरी अर्धी, प्लँटेशन ए अर्धी, चिकोरी वीस टक्के. कॉफीच्या फळात एरवी दोन बिया असतात, एकमेकींना चिकटून, म्हणून त्या एका बाजूने चपट्या. कधी कधी एकच तयार होते, ती गोल गरगरीत. तीच पीबेरी. मामींच्या मते चिकोरी न घालणारे एक तर श्रीमंत असतात किंवा अडाणी. चिकोरीमुळे पाणी सावकाश उतरतं, डिकॉक्शन म्हणजे खाली उतरलेला कॉफीचा अर्क दाट होतं आणि दुधात घातल्यावर त्याचा रंग मरत नाही.

मामींचा फिल्टर पितळी, आईकडून आलेला. वरच्या भांड्याला बारीक भोकं. त्यात पूड घालायची, दांडीच्या चकतीने हलकी बसवायची, ठेचायची नाही. पाणी उकळलं की आच बंद करायची, बुडबुडे बसू द्यायचे आणि मग ओतायचं, गोल फिरवत. झाकण लावून रात्री निजायचं. घाईत पूड फार दाबली गेली की सकाळी खालचं भांडं कोरडं. मग वरच्या भांड्याला चमच्याने टकटक करत मामी तमिळमध्ये कुणाला तरी लाखोली वाहायच्या. डिकॉक्शन आचेवर कधीच ठेवायचं नाही. गार झालंय असं वाटलं तर वाटी गरम पाण्यात ठेवा. दूध मात्र त्याच वेळी तापवलेलं आणि पहिल्याच उकळीचं. मग दवऱ्यातून, म्हणजे काठाच्या वाटीतून, टंबलरात आणि टंबलरातून दवऱ्यात, हात वर नेत, एक थेंब न सांडता. माझ्या हातून हे अजून ओट्यावर शिंतोडे उडाल्याशिवाय होत नाही.

त्या पुडीवर पुन्हा पाणी ओतून काढतात ते दुसरं डिकॉक्शन. पहिलं पाहुण्यांना आणि मामांना, दुसरं मामी स्वतः प्यायच्या. बरेच महिने मला पहिल्याची मिळत होती. एका सकाळी कपातला रंग जरा फिका दिसला. मी काही बोलले नाही, पण मामींच्या लक्षात आलं. "तू आता काय गेस्ट आहे का?" म्हणाल्या. मला त्या दिवशी जे वाटलं ते इथे लिहीत नाही, मामी हे वाचतात.

मामींनी सासूबाईंच्या हातची कॉफी पहिल्यांदा प्यायली तेव्हा मी धास्तावले होते. त्यांनी कप संपवला, तळाशी राहिलेला जायफळाचा कीस बोटाने पुसून चाटला आणि मनापासून म्हणाल्या, "पायसम फार छान झालंय." सासूबाईंना तो अपमान वाटला नाही, आणि तो नव्हताही. दुधाच्या पदार्थाला दुधाच्या पदार्थाचीच दाद मिळाली. उलट बाजूने सासूबाईंची मामींच्या कॉफीबद्दल तक्रार एवढीच की चांगली असते पण वाटीत का देतात.

नवऱ्याच्या कॉफीत सांगण्यासारखं थोडं आहे. कपात इन्स्टंट आणि साखर, चार थेंब पाणी, आणि चमचा कपावर आपटत फेटत बसायचं. तांबड्याचं पांढरं होईपर्यंत. हे काम तो रविवारच्या पेपरबरोबर करतो, त्यामुळे त्याला ते ध्यान वाटतं आणि आम्हाला बांधकाम. २०२० च्या टाळेबंदीत हाच फेस दुधावर तरंगवून लोक डालगोना म्हणून फोटो टाकू लागले. कोरियातल्या एका नटाने मकावमध्ये ही कॉफी प्यायली आणि टीव्हीवर तिला तिथल्या मिठाईचं नाव दिलं, असं ते प्रकरण. नवऱ्याने त्या काळात रोज एकदा तरी बोलून दाखवलं की हे आपण कॉलेजच्या हॉस्टेलवर करत होतो. त्याचं खरं आहे. फक्त आमच्याकडे कुणी फोटो काढला नाही.

फेसाचं आकर्षण आपल्याला जुनंच. नव्वदच्या आसपासच्या लग्नांत मांडवाच्या कोपऱ्यात ते स्टीलचं यंत्र असायचं, वाफ सोडत फुस्सकन ओरडणारं. लहान मुलांची रांग त्याच्यापुढेच. भरपूर दूध, साखर, वर फेस आणि फेसावर चॉकलेट पावडरची चिमूट. नळीवर 'एस्प्रेसो' लिहिलेलं. मुलगा म्हणतो इटलीच्या माणसाने ते पाहिलं तर रडेल. रडू दे. त्या कॉफीने माझ्या पिढीची किती रटाळ रिसेप्शनं सुसह्य केली, ते त्याला काय कळणार.

आता मुलाकडे वळते, नाहीतर म्हणेल एकतर्फी लिहिलंस. त्याची पूड १५ ग्रॅम, पाणी २५० मिली, तापमान ९३ अंशांच्या आसपास. बिया चिकमगळूरच्या एका मळ्यातल्या, पाकिटावर भाजल्याची तारीख. हाताने फिरवायची चक्की. काचेच्या भांड्यावर शंकूसारखं फनेल, त्यात कागद, आणि कागद आधी गरम पाण्याने धुऊन घ्यायचा, नाहीतर कागदाची चव उतरते म्हणे. पहिलं पाणी थोडंसंच ओतून अर्धा मिनिट थांबतो तेव्हा पूड फुगून वर येते, मधोमध तडे जातात, बुडबुडे फुटतात. भाजताना बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पूड शिळी असेल तर ती नुसती ओली होऊन बसते. हे मात्र मी दर वेळी काम टाकून बघायला जाते. सासूबाईही येतात. एकदा त्यांनी घड्याळाकडे बघून विचारलं, "एक कप? एवढ्या वेळात मी पंगत उठवली असती."

चव कशी? पहिला घोट गरम असताना मला फक्त आंबटसर लागला. कप विसरून मी पेपर तपासायला बसले आणि कोमट झाल्यावर उचलला, तर पाकिटावर छापलेली संत्र्याची साल खरंच सापडली. दुधात हे कधीच कळलं नसतं, एवढं मी त्याला कबूल केलं. पण रोज? सकाळी सहा-दहाची लोकल पकडणाऱ्या बाईला संत्र्याची साल शोधायला वेळ नसतो. तिला दाट, कडक, चिकोरीवालं, हातात घेतल्यावर चटका देणारं काहीतरी हवं असतं.

त्याच्याकडून आजीला बाबा बुदन यांची गोष्टही कळली. येमेनहून येताना त्यांनी सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे, त्या डोंगराला नावही त्यांचंच. मी म्हटलं, कॉफीसाठी एवढं लांब कशाला, आपल्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला होते. त्याला पटेना. आमच्या ज्युनियर कॉलेजची सहल तिथे थंडीत गेली होती, तेव्हा मी झाडावरचं लाल फळ तोडून चोखलं होतं. पातळसा गर, गोड, कॉफीचा मागमूस नाही. परत येताना पूडही आणली. ती कशी होती हे खरं सांगायचं तर जायफळ घातल्यावर चांगली लागली. हे मुलाला सांगितलेलं नाही.

घरच्यांचं झालं. पण पाहुण्यांच्या तऱ्हा याहून अवघड. सायीवरून आपल्या समाजात सरळ दोन तट आहेत. एक गट कपावर साय दिसली की बोटाने बाजूला करून बशीला पुसतो, चेहरा वाकडा. दुसरा ती मागून घेतो. माझे मोठे दीर सायीवर चमचाभर साखर टाकून आधी ती खातात, मग कॉफी. दोन्ही गटांतले लोक एकत्र आले की मी गाळणी घेऊन उभी. नणंदेला कॉफी "बिनसाखरेची हं" लागते आणि बरोबर दोन अनारसे. एक काका बशीत ओतून पितात आणि कपात फिल्टर कॉफी दिली तरी बशी मागतात. दवरा हा त्यांच्यासाठीच केला असावा, पण त्यांना तो चालत नाही, त्याला काठ आहेत. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना अर्धाच कप हवा असतो, तोही तीनदा. स्टाफरूममधल्या बटणाच्या यंत्राबद्दल काही लिहीत नाही. त्यातून चहा, कॉफी आणि टोमॅटो सूप एकाच नळीने येतं आणि त्यांची चवही एकमेकांत मिसळून राहते.

यातल्या कुणाचंच मला ओझं नाही. साय काढून, साखर बाजूला देऊन, जायफळ असून-नसून, मागाल तशी करून देईन. माणसाला आपलं काय हवं ते ठाऊक आहे आणि ते तो तोंडाने सांगतो, यात यजमानाचं अर्धं काम होऊन जातं. पण "कॉफी कशी घेणार?" असं विचारल्यावर काही जण हात हलवत "काहीही चालेल" म्हणतात, आणि मग पहिल्या घोटाला भुवया उंचावतात. त्यांना मी आताशा विचारतच नाही, सरळ चहा टाकते.